साडेआठचा पारा

सकाळी ती ओले केस पुसत स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिचा नवरा खुर्चीतून उठून उभा राहिला. झालं ते एवढंच. हातात चहाचा कप होता, पुढ्यात कालचं वर्तमानपत्र होतं, आणि दारात पाऊल वाजल्याबरोबर तो झटकन उठला, कप बशीत ठेवला, दोन्ही हात बाजूला नेले आणि मान किंचित खाली घातली. ऑफिसात ती हॉलमध्ये शिरली की सगळे उठतात, तसा. पुरता उभा राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं की हे घर आहे, समोर गॅस आहे आणि बायकोच्या खांद्यावर टॉवेल आहे. "साखर," तो म्हणाला. "साखर घ्यायला उठलो." साखरेचा डबा टेबलावर त्याच्या कोपराला लागून होता. तिने तो पाहिला, त्यानेही पाहिला, आणि मग त्याने खरोखरच आणखी एक चमचा साखर कपात टाकली, ढवळली आणि तो गोडमिट्ट चहा न बोलता शेवटपर्यंत प्यायला. त्याला डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितलं आहे. एरवी ती ओरडली असती. आज तिने आपला कप भरून घेतला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली, कारण ती बसली असती तर त्याने बसायचं की नाही, हा प्रश्न आला असता.

हसायला हवं होतं, असं तिला नंतर वाटलं. लग्नाला अठरा वर्षं झाली. अठरा वर्षांत तो तिच्यासाठी उठला नव्हता असं नाही, पंखा लावायला उठला, दार उघडायला उठला, ती तापाने फणफणली असताना पाणी द्यायला उठला, आणि दर खेपेला "राणीसरकार, आणखी काही हुकूम?" असं वर ऐकवूनच. मुलगी शिकायला बाहेरगावी जाईपर्यंत तीही बापाची नक्कल करून हेच म्हणायची. आज तो थट्टेने उठला असता तर तिने टॉवेल फेकून मारला असता आणि दिवस नीट सुरू झाला असता. रागाने उठला असता तरी चाललं असतं. रागाचं काय करायचं हे तिला ठाऊक होतं. पण यात थट्टा नव्हती, राग नव्हता, तो स्वतःसुद्धा नव्हता. नुसते पाय उठले होते.

दोघंही एकाच हवामान केंद्रात नोकरीला. केंद्र म्हणजे बैठी इमारत, पुढे तारेच्या कुंपणातलं गवताचं मैदान, मैदानात चार पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी पेटी, पेटीत पारा. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी फाटक आणि फाटकापलीकडे कर्मचाऱ्यांची घरं. घरातून ऑफिस शंभर-सव्वाशे पावलं. तीन महिन्यांपूर्वी जुने साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर ती बसली. तो निरीक्षक होता, निरीक्षकच राहिला. खात्याच्या परीक्षेचा अर्ज दोघांनी भरला होता, पुस्तकं एकाच टेबलावर पसरली होती, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्या आईचं अर्धं अंग गेलं आणि दवाखान्यात कोणीतरी एकाने थांबणं भाग पडलं. "तू जा," तो म्हणाला होता. "तुझा अभ्यास जास्त झालाय. मी कुठे वाचलंय? मी पुस्तक उशाला घेऊन झोपतो." ती गेली. पेपर सोडवताना तिला आईची आठवण आली नाही, हे तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पुढे बढतीचा हुकूम आला तेव्हा त्यानेच सगळ्यांना पेढे... नाही, पेढे नव्हते, बिस्किटांचे पुडे होते, हेडक्लार्क दोन पुडे घरी घेऊन गेले होते. त्या संध्याकाळी फाटकापाशी उभं राहून दोघांनी एक करार केला. फाटकाच्या अलीकडचं अलीकडे, पलीकडचं पलीकडे. घरात ऑफिस काढायचं नाही, ऑफिसात घर काढायचं नाही. "म्हणजे फाटकाच्या आत तू मॅडम आणि बाहेर माझी बायको," तो म्हणाला होता, आणि तिने फाटकाच्या कडीवर हात ठेवून शपथ घेतल्यासारखं केलं होतं. दोघंही खूप हसले होते. शहाणपणाचा निर्णय, असं तेव्हा वाटलं होतं, आणि शहाणपणाच्या निर्णयांचं पुढे काय होतं ते कोणी आधी सांगत नाही.

आईच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. पाच दिवसांपासून आईला कणकण होती. डॉक्टर पाहून गेले होते. घास चुकून श्वासनलिकेत उतरला की छातीत बिघाड होतो, म्हणाले, ताप दिवसातून तीनदा बघा, लिहून ठेवा, एकशे एकच्या वर गेला तर थांबू नका, तडक घेऊन या. कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला होता आणि त्यावर तो आकडे लिहीत असे, कारण दिवसाचा बराचसा वेळ आईपाशी तोच असे. सकाळी आठला आईला भरवायचं. दुधात भिजवलेला पाव, मऊ भाताची पेस्ट, एकेक चमचा, मान पुढे धरून, घास गिळल्याची खात्री करून. चाळीस मिनिटं लागत. पूर्वी हे ती करायची. पण या महिन्यापासून सव्वाआठला मुख्य कार्यालयाचा फोन येऊ लागला, सगळ्या केंद्रांचे प्रमुख एकाच वेळी फोनवर, आणि तो सव्वानऊपर्यंत चाले. मदतीची बाई दहाला येई. "आठ ते पावणेनऊ तेवढं तू बघ ना आईकडे," ती एकदा भाजी चिरता चिरता त्याला म्हणाली होती. तो "बरं" म्हणाला होता. आई त्याला लुळ्या ओठांनी "जावईबापू" म्हणे, त्यातला 'व' तिला नीट म्हणता येत नसे, आणि तो प्रत्येक हाकेला "बोला सासूबाई, हजर आहे" म्हणून ओ देई. सख्खा मुलगा करणार नाही एवढं करतो, असं शेजारीपाजारी बोलत. तिलाही तसंच वाटे, आणि वाटून झालं की ती कामाला लागे.

आज फोन सुरू झाला तेव्हा तिचं लक्ष फोनमध्ये नव्हतं. दुसऱ्या केंद्रांचे लोक आपापले आकडे वाचून दाखवत होते आणि तिच्या डोळ्यांपुढून तो उठलेला नवरा हलत नव्हता. नऊला दहा मिनिटं कमी असताना तो नेहमीसारखा आला, दारावर टकटक केली, साडेआठच्या नोंदीची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि गेला. त्याच्या शर्टाच्या बाहीवर दुधाचा ओला डाग होता. आकडा वाचायची तिची पाळी आली. "सव्वीस पॉइंट सहा," तिने फोनमध्ये वाचलं, आणि तो सहा तोंडातून बाहेर पडताना तिला कुठेतरी ओळखीचा वाटला. काल चोवीस पॉइंट सहा होतं. परवा? परवाचं आठवेना. तिने स्वतःला दटावलं. सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही, आता सहाच्या मागे लागू नकोस. पण संशय एकदा आला की बसायला पाट मागत नाही.

अकराच्या सुमाराला हेडक्लार्क महिन्याचा तक्ता घेऊन आले. महिन्याचा शेवटचा दिवस होता. तक्ता चारच्या डाकेने जायचा. हेडक्लार्क म्हणजे भला माणूस, पण तोंडाने फटकळ. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सहा साहेब पाहिले होते आणि सहाही जणांना आपणच वळण लावलं असा त्यांचा समज होता. "आकडे पडताळून झालेत मॅडम," ते म्हणाले, "खाली फक्त तुमचा कोंबडा काढायचा." सहीला ते कोंबडा म्हणत. तक्त्याच्या तळाशी छापील ओळ होती: वरील सर्व नोंदी प्रत्यक्ष निरीक्षणाने घेतल्या असून त्यांच्या सत्यतेची खात्री केली आहे. त्याखाली प्रमुखाची सही. हेडक्लार्क गेल्यावर तिने साडेआठच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि वरून खाली आली. पॉइंट तीन, पॉइंट आठ, पॉइंट सहा. पॉइंट एक. पॉइंट सहा, पॉइंट सहा. दुसऱ्या पंधरवड्यात तर सहाच सहा. तीस दिवसांत चौदा. पाऱ्याला असा कुठल्या आकड्याचा लळा नसतो. दहा आकडे आहेत, प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार दिवस यावेत. मुख्य कार्यालयातल्या कोणाच्या हे लक्षात येणार नव्हतं, कारण आकडे सगळे दिसायला शहाण्यासारखे होते, आदल्या आणि पुढच्या नोंदींशी जुळणारे, वीस वर्षांच्या अनुभवी माणसाने बेतलेले. पण हा माणूस थाप मारतो तेव्हा थापेत सहा असतो, हे जगात फक्त तिला माहीत होतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने ते शोधून काढलं होतं. मित्राच्या लग्नाला न जाता गावभर भटकून आलेल्या नवऱ्याला तिने विचारलं, किती माणसं होती रे? तो म्हणाला, असतील दोनशे सहा. दोनशे सहा! दोनशे म्हणाला असता तर पचलं असतं. कितवं पान वाचतोयस? सहासष्टावं, आणि पुस्तक उघडलेलंच नसायचं. किती वेळात येतोस? सहा मिनिटांत. मुलीने लहानपणी विचारलं होतं, बाबा, आकाशात तारे किती, तर त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं होतं, सहा लाख सहा. ती आणि मुलगी पोट धरधरून हसल्या होत्या, आणि त्याला कधी कळलं नव्हतं की त्या का हसतात, कारण गुपित फोडलं तर मजाच गेली असती. एवढी वर्षं जपून ठेवलेली ही बायकोची गंमत होती. आता तीच गंमत ऑफिसच्या टेबलावर, खात्याच्या तक्त्यावर, तांबड्या रेघांच्या चौकटीत येऊन बसली होती, आणि तिला ती पाहायची परवानगी नव्हती. बायकोला माहीत होतं. मॅडमना माहीत असायचं कारण नव्हतं. तिने तक्ता पालथा घातला. थोड्या वेळाने सरळ केला. सहा जागच्या जागी होते.

मग तिने भिंतीवरचं ड्युटीचं वेळापत्रक पाहिलं. सकाळची पाळी, आठ ते दोन: तिचा नवरा. महिनाभर. दुसरा निरीक्षक दुपारी येई. हे वेळापत्रक तिने स्वतः लावलं होतं, महिन्याच्या पहिल्या तारखेला, याच टेबलावर. सकाळची पाळी कोणालाच नको असते, आणि साहेबीणबाईंनी घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून तिने ती डोळे मिटून नवऱ्याच्या गळ्यात मारली होती. त्याच दिवशी संध्याकाळी, भाजी चिरता चिरता, आईचे आठ ते पावणेनऊ त्याच्याच गळ्यात मारले होते. आठ ते पावणेनऊच्या मध्ये साडेआठ येतात, हे तिला दिसलं नव्हतं. वेळापत्रक ऑफिसात लावलं होतं आणि भरवायचं स्वयंपाकघरात ठरलं होतं, मध्ये फाटक होतं, आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना तीच होती. एका माणसाला तिने एकाच वेळी दोन ठिकाणी उभं केलं होतं आणि दोन्हीकडून त्याला शाबासकीही दिली होती.

तिने त्याला आत बोलावलं. तो आला, टेबलापुढे उभा राहिला. "दार लाव," ती म्हणाली. त्याने दार लावलं आणि पुन्हा उभा राहिला. "बस ना." तो खुर्चीच्या कडेवर बसला. तिने तक्ता त्याच्याकडे फिरवला.

"साडेआठच्या नोंदी तू घेतल्यास?"

"हो मॅडम."

"दार बंद आहे. मॅडम कशाला म्हणतोस?"

"दार बंद असलं तरी खुर्ची तीच आहे ना."

"किती दिवस गेला नाहीस पेटीपाशी?"

तो तक्त्याकडे बघत राहिला. "सहा," तो म्हणाला. आणि तिच्या चेहऱ्यावर काय आलं कोण जाणे, हसू की रडू, पण ते पाहून तो पुटपुटला, "अकरा. आजचा धरून अकरा."

बाहेर हेडक्लार्क कोणाला तरी फोनवर झापत होते. ती म्हणाली, "शंभर पावलं आहेत रे. पाच मिनिटांचं काम."

"घास तोंडात असताना उठता येत नाही," तो म्हणाला. "एकदा उठलो होतो. तोंडात चमचा दिला आणि घड्याळ बघून पळत आलो. नोंद घेऊन परत गेलो तर त्या निळ्या पडलेल्या. पाठीत थापट्या मारल्या, बोट घालून घास काढला. तेव्हापासून नाही उठलो. उशिराने जायचो आधी, पावणेनऊला. पण पावणेनऊचा पारा साडेआठचा म्हणून लिहिणं हेही खोटंच. मग म्हटलं, खोटंच लिहायचं तर उन्हात कशाला जा."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"कोणाला सांगू?" त्याने पहिल्यांदा मान वर केली. आवाज चढला नव्हता, उलट नेहमीपेक्षा खाली होता. "बायकोला सांगितलं असतं तर तू आई आई करत फोन टाकून धावली असतीस. मॅडमना सांगितलं असतं तर मेमो."

"पाळी बदलून मागायची."

"मागितली होती. अर्ज केला होता. तू नामंजूर केलास."

तिला आठवलं. कागदांच्या ढिगात तो अर्ज होता, त्याच्या गोल अक्षरातला. विनंती की घरगुती कारणामुळे सकाळची पाळी बदलून मिळावी. तिने तो वाचला होता, अक्षर ओळखलं होतं, नवऱ्याचा अर्ज मंजूर केला तर ऑफिसात काय बोलतील ते मनात आणलं होतं, आणि समासात लिहिलं होतं: कार्यालयीन सोयीच्या दृष्टीने शक्य नाही. त्या संध्याकाळी दोघं शेजारी बसून जेवली होती. ती वाट पाहत होती की तो काही बोलेल. तो वाट पाहत होता की ती विचारेल, घरगुती कारण कसलं रे? दोघांनीही करार पाळला.

"नुसतं 'घरगुती कारण' असं कशाला लिहिलंस?"

"मग काय लिहू? साहेबांच्या आईला भरवायचं असतं म्हणून?"

तिने पेन उचललं, खाली ठेवलं. अकरा जागी रेघ मारायची आणि शेरा लिहायचा, नोंद घेतली नाही. मग खुलासा. निरीक्षक कुठे होता? घरी. काय करत होता? प्रमुखांच्या आईला भरवत होता. कामाच्या वेळेत कर्मचाऱ्याला घरी राबवणारी प्रमुख, आणि प्रमुखाच्या वशिल्यावर खोटे आकडे लिहिणारा नवरा. त्याची नोकरी जाईल, तिची खुर्ची जाईल, आणि खुर्चीबरोबर हे घरही, ज्यात आईची खाट खिडकीशी लावली आहे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनेच खणलेली. "मग काय करू?" तिने त्याला विचारलं. अठरा वर्षं ती असंच विचारत आली होती, भाडं वाढलं तेव्हा, मुलीचं कॉलेज निवडताना, आईला घरी आणताना, आणि तो काहीतरी वेडंवाकडं बोलून वाट काढायचा.

"मी कसं सांगू?" तो म्हणाला. "नवरा म्हणून सांगितलं तर दबाव होईल. निरीक्षक म्हणून सांगितलं तर आगाऊपणा. तुम्हाला योग्य वाटेल ते करा." आणि उठला, खुर्ची होती तशी टेबलाला लावून ठेवली, दार हळूच ओढून गेला. तुम्हाला म्हणाला, ते तिला लागलं नाही. खुर्ची टेबलाला लावून ठेवली ते लागलं. घरात तो खुर्ची कधी जागेवर ठेवत नाही. तिच्या पायाला ठेच लागते आणि ती रोज त्याच्या नावाने शंख करते.

दुपार तशीच गेली. तिला जुन्या साहेबांची आठवण येत राहिली. वीस वर्षांपूर्वी दोघं नव्याने नोकरीला लागले तेव्हा त्यांनी दोघांना पेटीपुढे उभं करून सांगितलं होतं, "रिकामी जागा माफ आहे, खोटा आकडा माफ नाही. माणूस आहे, कधी जमणार नाही. नाही जमलं तर रेघ मारा, मी खुलासा मागेन, चार शिव्या देईन, विसरून जाईन. पण न बघता लिहिलंत तर तुमचा बघून लिहिलेलाही मला खरा वाटणार नाही." तेव्हा ती आणि तो पेटीची झडप उघडून पाऱ्यापुढे डोकी जोडून वाकत. तो म्हणे पॉइंट तीन, ती म्हणे पॉइंट चार. पैज लागे, हरेल त्याने चहा पाजायचा, आणि निकाल द्यायला तिसरं कोणी नसल्यामुळे रोज दोघांचाही चहा होई. पुढे कधीतरी तो तिचा आकडा न तपासताच लिहू लागला आणि ती त्याचा. लग्न ठरलं आहे हे घरच्यांना कळायच्या आधी त्या नोंदवहीला कळलं होतं. त्या दिवसांत तिला कोणी सांगितलं असतं की एक दिवस तू याच रकान्यावर बोट ठेवून वरून खाली येशील, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. आणि खरं सांगायचं तर अर्ध्या डिग्रीने कोणाचं काय बिघडतं? कुठे पूर येत नाही, कुठे जहाज बुडत नाही. असं ती स्वतःला सांगत होती आणि सांगताना तिला कळत होतं की हे बायको बोलते आहे, आणि बायकोला इथे बोलायचं कारण नाही. पण मॅडम गप्प बसली होती. ऐन वेळी गप्प बसायचं असेल तर तिला तरी खुर्ची कशाला दिली?

पावणेचारला हेडक्लार्क पुन्हा डोकावले. "मॅडम, डाकेची गाडी आली की थांबत नाही. ड्रायव्हर नाकावर माशी बसू देत नाही." तिने सही केली. ठरवून केली असं म्हणता येणार नाही. हात पुढे गेला आणि नाव उमटलं. हेडक्लार्कांनी टिपकागद दाबला, सही न्याहाळली आणि म्हणाले, "आज कोंबडा जरा लंगडतोय." ती हसली. गाडी निघून गेल्याचा आवाज आला तेव्हा तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नवऱ्याला वाचवलं म्हणून त्याच्याबद्दल माया दाटून येईल, असंही वाटलं होतं. तीही आली नाही. नुसता एक किरकोळ, किडकिडीत प्रश्न डोक्यात शिरला आणि जाईना.

साडेपाचला ती निघाली. मैदानातून जाताना पेटीपाशी थांबली, झडप उघडली. पारा आपल्या जागी होता, एकोणतीस आणि वर काही रेघा, कोणी विचारो न विचारो. तिने झडप लावून घेतली. फाटकाची कडी काढताना तिला तो कपाटाच्या दारावरचा आईच्या तापाचा कागद डोळ्यांपुढे दिसायला लागला होता. रोज सकाळी पाहत होती, पण वाचत नव्हती. त्याने लिहिलं आहे म्हणजे बरोबर आहे. नव्याण्णव पॉइंट दोन. नव्याण्णव पॉइंट सहा. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा, पण तो तर सगळ्यांचाच असतो. मग पुन्हा नव्याण्णव पॉइंट सहा. ती भराभर पावलं उचलायला लागली. नको, तिने स्वतःला बजावलं. हे करू नकोस. ऑफिसातला आकडा वेगळा, हा वेगळा; तिथे त्याला पेटी सोडावी लागली ती आईसाठीच. जो घास तोंडात असताना उठत नाही तो ताप न बघता लिहील? सगळं बरोबर होतं, कुठेही खोट काढता येत नव्हती, आणि तरीही उरलेलं अंतर ती जवळजवळ पळत गेली.

आईच्या खोलीत तो खाटेजवळच्या स्टुलावर बसला होता. आईच्या अंगावरची चादर नीट केलेली होती, हनुवटी पुसलेली होती. मदतीची बाई निघून गेली होती. "बघा सासूबाई, साहेब आले," तो म्हणाला. अगदी जुन्या, थट्टेच्या सुरात. सकाळचं मिटवून टाकायला त्याने हात पुढे केला होता, हे तिला कळलं. "मुलगी आली," आई लुळ्या ओठांनी म्हणाली. तिने आईच्या कपाळावर हात ठेवला. गरम होतं की आपलाच हात गार आहे, तिला समजेना.

"ताप किती आहे?" तिने विचारलं.

"नव्याण्णव पॉइंट सहा," तो म्हणाला. "आत्ताच बघितला. दहा मिनिटं झाली असतील."

तिने उशाशी ठेवलेल्या पेल्यातून थर्मामीटर काढला, झटकला, पारा खाली गेल्याचं पाहिलं आणि आईच्या काखेत सरकवला. मनगट वर करून घड्याळ पाहू लागली. त्याच्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही. पहिलं मिनिट गेलं. आई छताकडे बघत होती. बाहेर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. त्याने काहीतरी बोलावं, असं तिला वाटत होतं, ओरडावं, थर्मामीटर हिसकावून घ्यावा, "लाज नाही वाटत?" असं विचारावं, म्हणजे ती रडली असती आणि सगळं सांगून टाकलं असतं, सहाची गंमतसुद्धा. तो काहीच बोलला नाही. दुसरं मिनिट गेलं. तिसऱ्या मिनिटाला तिने थर्मामीटर काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बोटांनी सावकाश फिरवला. पाऱ्याची रेघ चकाकली, नाहीशी झाली, पुन्हा चकाकली. नव्याण्णव, आणि वर सहा. एक रेघ इकडे नाही, एक रेघ तिकडे नाही.

तिने एवढा खरा आकडा आयुष्यात पाहिला नव्हता. तो हातात धरून ती वळली तेव्हा तिचा नवरा स्टुलावरून उठून उभा होता, दोन्ही हात बाजूला, मान किंचित खाली. साखर आणायला उठला नव्हता. आईची एका बाजूला झुकलेली नजर एकदा त्याच्याकडे गेली, एकदा तिच्याकडे.

"बस ना रे," ती म्हणाली. "बस ना."

तो बसला. सांगितलं म्हणून बसला.